कोल्हा काय खातो ते विष्ठेवरून कसं ओळखायचं: भीमगड आणि आसपासच्या अभ्यासगटांसाठी पायरीपायरीने

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूर, जांबोटी, निपाणी, चिकोडी या भागांतले निसर्गप्रेमी गट आणि कॉलेजची मुलं अलीकडे कोल्ह्याच्या आहाराचे प्रकल्प करू लागली आहेत. त्यांच्या वह्या माझ्याकडे तपासायला येतात आणि बहुतेक वह्यांत चुका त्याच असतात. कुत्र्याची विष्ठा कोल्ह्याची म्हणून गोळा केलेली असते. धुताना चिठ्ठ्या पुसलेल्या असतात. आणि शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, "कोल्हा शेळ्या मारतो." हे तिसरं वाक्य गावात पोचलं की त्याचे परिणाम कोल्ह्याला भोगावे लागतात, म्हणून हा लेख.

काम अवघड नाही, मात्र क्रम मोडला की सगळं वाया जातं. खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा.

टप्पा १: परवानगी आणि जागेची निवड

भीमगड अभयारण्य खानापूर तालुक्यात आहे. २०११ साली ते जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायचं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. विष्ठा उचलणं म्हणजे नमुना बाहेर नेणं, त्यामुळे अर्जात "फक्त विष्ठेचे नमुने, प्राण्याला हात लावणार नाही" असं स्पष्ट लिहा. अर्ज कन्नडमध्ये द्या. आपल्यात कोणाला नीट लिहिता येत नसेल तर कन्नड शाळेतल्या एखाद्या सरांकडून तपासून घ्या. कार्यालयातलं काम त्याने खूप सोपं होतं आणि वनखात्याच्या गार्डशी पहिल्या दिवसापासून सूर जुळतो.

परवानगी मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. कोल्हा घनदाट सदाहरित रानापेक्षा रानाच्या कडेला, माळावर, झुडपांत आणि उसाच्या फडात जास्त वावरतो. शेतमालकाला विचारून बांधावर आणि गाडीवाटेवर सराव सुरू करता येतो. खरं तर पहिले दोन महिने तिथेच काढावेत असं माझं मत आहे. रानात जाण्याआधी नजर तयार झालेली बरी.

एक गोष्ट आधीच ठरवा: अभ्यास पश्चिमेचा की पूर्वेचा? कणकुंबी-जांबोटीकडे धो धो पाऊस, ओढे, खेकडे, करवंदीच्या जाळ्या. अथणी-रायबागकडे कोरडा माळ, बोरी-बाभळी, कॅनॉलचं पाणी आणि मैलोगणती ऊस. दोन्हीकडच्या कोल्ह्यांची ताटं वेगळी. नमुने एकत्र केले तर जी सरासरी निघेल ती कुठल्याच कोल्ह्याची नसेल.

> तपासा: परवानगीची प्रत खिशात, शेतमालकाची तोंडी संमती वहीत तारखेसह, आणि गटातल्या एकाचा तरी फोन नंबर जवळच्या गार्डकडे.

टप्पा २: सामान आणि हातांची काळजी

हा टप्पा लोक हसून सोडून देतात. सोडू नका.

कोल्ह्या-कुत्र्यांच्या आतड्यात इकायनोकॉकस नावाचा बारीक फीतकृमी असू शकतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुफ्फुसात पाण्याच्या गाठी होतात, आणि त्या वर्षानुवर्षं कळतसुद्धा नाहीत. वाळलेली विष्ठा चुरगळली की धूळ उडते, म्हणून हातमोज्यांइतकाच मास्कही महत्त्वाचा. ही अंडी फॉर्मेलिनने किंवा स्पिरिटने मरत नाहीत, घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यातही मरत नाहीत. मरतात ती उकळल्याने. म्हणून पुढे टप्पा ६ मध्ये उकळण्याची पायरी धुण्याच्या आधी ठेवली आहे.

सोबत हे घ्या:

- वापरून टाकायचे हातमोजे, मास्क, साबण आणि पाण्याची वेगळी बाटली
- वर्तमानपत्राच्या पुड्या (प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, आत घाम धरतो आणि बुरशी येते)
- शिसपेन्सिल, वही, मोजपट्टी किंवा व्हर्नियर कॅलिपर
- जागेचे अक्षांश-रेखांश दाखवणारा मोबाइल
- आइस्क्रीमच्या काड्या किंवा बांबूचा छोटा चिमटा
- पत्र्याच्या पट्ट्या (थंड पेयाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कात्रीने कापून), प्रत्येकीवर खिळ्याने कोरलेला क्रमांक

शेवटच्या वस्तूवर माझा फार जीव आहे. पहिल्या वर्षी मी चिठ्ठ्या बॉलपेनने लिहिल्या होत्या. धुण्याच्या दिवशी बादलीत निळं पाणी उरलं आणि बावीस नमुने कुठले ते देवालाच ठाऊक. पत्र्यावर कोरलेला आकडा उकळला तरी जात नाही.

> सावधान: शाळकरी मुलांच्या हातात विष्ठा देऊ नका. ठसे शोधणं, वही लिहिणं, झाडांच्या नोंदी ही कामं त्यांना द्या. तीही तितकीच गरजेची आहेत.

टप्पा ३: वाट आखा आणि शून्य फेरी करा

तीन ते पाच किलोमीटरची एक वाट निवडा. कोल्हा माणसाच्याच वाटा वापरतो: गाडीवाट, पाणंद, बांधाचा माथा, ओढ्याचा उतार, फडाची कड. विष्ठा तो उघड्यावर टाकतो. वाटेच्या मधोमध, दगडावर, गवताच्या झुबक्यावर, दोन वाटा मिळतात तिथे. ही त्याची हद्दीची खूण असते, त्यामुळे त्याच जागी पुन्हा पुन्हा सापडते.

पहिल्या फेरीत काहीही गोळा करायचं नाही. वाटेवर पडलेली जुनी-नवी सगळी विष्ठा काडीने बाजूला करायची. हीच शून्य फेरी. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी तीच वाट चाला. आता जे सापडेल ते गेल्या पंधरवड्यातलं असल्याची खात्री असते आणि ऋतूची नोंद खरी ठरते. बहुतेक गट शून्य फेरी टाळतात आणि मग मे महिन्याच्या पुडीत हिवाळ्यातली बोरं सापडली म्हणून गोंधळतात.

सकाळी लवकर निघा. गुरं आणि ट्रॅक्टर गेल्यावर वाटेवर चुऱ्याशिवाय काही उरत नाही. पावसाळ्यात पश्चिमेकडे विष्ठा एका रात्रीत धुऊन जाते, तेव्हा जून ते सप्टेंबरच्या नोंदी कमीच राहणार. त्या कमी आहेत हे वहीत लिहा, भर घालू नका.

> सावधान: वाटेत बीळ आणि पिल्लं दिसली तर मागे फिरा आणि तो तुकडा त्या हंगामापुरता वगळा. कॅमेरा लावायला जवळ जाऊ नका. फडाच्या कडेला तारेचा फास दिसला तर हात न लावता जागा गार्डला कळवा.

टप्पा ४: विष्ठा नक्की कोल्ह्याची का?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ घ्या.

कोल्ह्याची विष्ठा साधारण दीड ते अडीच सेंटिमीटर जाड, लांबट, दोन-तीन तुकड्यांत, एक टोक पिळ दिल्यासारखं निमुळतं. त्यात केस, हाडांचे कण, बिया, भुंग्यांची चकचकीत टरफलं एकमेकांत मिसळलेली दिसतात. नुसत्या जाडीवर विसंबू नका, गावठी कुत्र्याची विष्ठाही तेवढीच असते.

फरक असा पाहा:

*कुत्रा.* भाकरी-भातावरचा कुत्रा एकसारख्या पिठूळ गोळ्याची विष्ठा टाकतो. वाळली की ती मातीसारखी फुटते. मात्र खाटिकखान्याजवळच्या कुत्र्याच्या विष्ठेत केस भरपूर असतात, तेव्हा "केस आहेत म्हणजे कोल्हा" हे गणित चालत नाही.

*खोकड.* पूर्वेकडच्या मोकळ्या माळावर. विष्ठा बारीक, बहुधा दीड सेंटिमीटरच्या आत, बिळाच्या आसपास. आपल्याकडे पुष्कळ लोक खोकडालाही कोल्हाच म्हणतात. गावकऱ्याने "कोल्हं दिसलं" म्हटलं की शेपटीचं टोक काळं आणि झुपकेदार होतं का, अंगाने मांजरापेक्षा थोडंच मोठं होतं का, ते विचारा. तसं असेल तर ते खोकड.

*उदमांजर.* विष्ठा जवळजवळ सगळी बियांची, बहुतेक वेळा ओंडक्यावर किंवा खडकावर. जांभळाच्या दिवसांत कोल्ह्याची विष्ठाही अशीच दिसते. ठसा मिळाला नाही तर असा नमुना सोडून द्या.

*रानकुत्रा.* आपल्या रानात कोळसुंदा म्हणतात तो. भीमगडमध्ये वाटांच्या मिलनावर एकाच जागी बऱ्याच विष्ठा, आत सांबर-भेकराचे जाड केस. हा कळपाने टाकतो, कोल्हा बहुधा एकटा किंवा जोडीने.

*बिबट्या.* जाड, गाठीगाठींची. जवळ पंजाने उकरलेली माती पाहा.

पांढरी पडलेली विष्ठा दिसली की तरसाची असं म्हणायची घाई करू नका. हाडं जास्त खाल्ली तर कोल्ह्याचीही वाळून पांढरी होते.

खरी साक्ष ठशांची. कोल्ह्याचा ठसा अरुंद, लांबट, सुमारे पाच सेंटिमीटर, नखं पुढे रोखलेली. पुढच्या पायाच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूला एकमेकींना जोडलेल्या असतात. ओल्या मातीत ही जोड स्पष्ट उमटते. कुत्र्याच्या त्या दोन गाद्या सुट्या असतात आणि ठसा पसरट दिसतो. चालीतही फरक आहे. कोल्ह्याची माग-रेषा सरळ जाते, कुत्रा हुंगत इकडे तिकडे भरकटतो.

प्रत्येक नमुन्याला श्रेणी द्या. अ: विष्ठेजवळच ठसा किंवा प्रत्यक्ष पाहिलेलं. ब: आकार, जागा, घटक तिन्ही जुळतात. क: शंका. क श्रेणीचं काहीही विश्लेषणात घ्यायचं नाही. शंभर शंकास्पद नमुन्यांपेक्षा तीस खात्रीचे बरे.

टप्पा ५: उचलणं आणि नोंद

आधी फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग सर्वांत जाड तुकड्याची जाडी मोजा. मग ठशांचा फोटो. हे तिन्ही झाल्यावरच हात लावा. उचलताना अख्खी विष्ठा घ्या, अर्धी घेतली तर नेमका दात किंवा खवला राहून जातो. खालची माती आणि गवत सोबत येऊ देऊ नका, नाहीतर पुढे "कोल्हा गवत खातो" असा निष्कर्ष निघेल. (तो खातोही, पण ते गवत विष्ठेच्या आत दडपलेलं असतं, खाली चिकटलेलं नसतं.)

पुडीत पत्र्याची पट्टी टाका. वहीत क्रमांक, तारीख, जागा, श्रेणी, जाडी, ताजी की वाळलेली, आणि पन्नास पावलांत काय आहे ते: फड, मका, ओढा, गोठा, पोल्ट्री, गावाचा उकिरडा.

वहीच्या उजव्या पानावर त्या पंधरवड्याची "पाटी" लिहा, म्हणजे वाटेवर काय खायला मिळण्यासारखं होतं ते. करवंदं पिकली आहेत का? जांभूळ पडतंय का? बोरी लगडल्या आहेत का? ऊसतोड कुठवर आली? मेलेलं जनावर कुठे टाकलं होतं? पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या कुठे फेकतात? भुईमुगाच्या शेंगा काढल्या का? ही पाटी लिहिलीच नाही तर पुढचं सगळं विश्लेषण आंधळं होतं. तोड सुरू झाली की फडातले उंदीर उघडे पडतात आणि त्याच वेळी कोल्ह्याचा आडोसाही जातो. पाटीशिवाय हा बदल आकड्यांत दिसला तरी त्याचं कारण सापडत नाही.

> तपासा: घरी पोचल्यावर पुड्या आणि वहीतल्या ओळी मोजा. आकडा जुळला नाही तर त्याच दिवशी शोधा. दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

टप्पा ६: वाळवणं, उकळणं, धुणं

क्रम हाच: वाळवा, वजन करा, उकळा, भिजवा, धुवा.

पुड्या दोन-तीन दिवस कडक उन्हात, कुत्री-कोंबड्या पोचणार नाहीत अशा ठिकाणी. वाळल्यावर वजन. मग प्रत्येक नमुना त्याच्या पत्र्याच्या पट्टीसह नायलॉनच्या जुन्या मोज्यात घालून तोंड घट्ट बांधा. एका मोज्यात एकच नमुना. सगळे मोजे एका मोठ्या पातेल्यात अर्धा तास खळखळ उकळा. हे पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही. त्यावर तेलरंगाने खूण करून ठेवा, घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. उकळणं अंगणात, चुलीवर करा.

उकळल्यावर बिया थोड्या काळवंडतात, म्हणून दर्शनी बियांचा फोटो आधीच घेतलेला असावा. एखाद्याला बी रुजतं का ते पाहायचं असेल तर तो वेगळा प्रयोग, तो या कामात मिसळू नका.

पाणी गार झालं की मोजे रात्रभर थोड्या साबणाच्या पाण्यात ठेवा. सकाळी वाहत्या पाण्याखाली मोजा चोळा, पाणी निवळ येईपर्यंत. मग आतलं सगळं बारीक चाळणीवर, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर भोकांच्या, पालथं करा. भाताची चाळण चालत नाही, उंदराचे दात तिच्यातून सहज निसटतात. मैद्याची चाळण बरी. धुतलेलं पाणी विहिरीपासून लांब खड्ड्यात ओता आणि वर माती लोटा. उरलेलं पांढऱ्या कागदावर सावलीत वाळवा, पंख्याखाली नको, केस उडतात.

> सावधान: घाईत दोन नमुने एकाच चाळणीत धुऊ नका. दोन धुण्यांच्या मधे चाळण उलटी करून आपटा आणि भिंगाने पाहा. एक अडकलेला केस पुढच्या नमुन्यात "शेळी" निर्माण करतो.

टप्पा ७: वेगळं करणं आणि ओळखणं

आता भिंग, चिमटा आणि पांढरी थाळी. ढीग करा: केस, हाडं-दात, पिसं, खवले, कीटकांचे तुकडे, खेकड्याची कवची, बिया, वनस्पतीचे धागे, आणि माणसाच्या वस्तू (प्लास्टिक, सुतळी, कापड, रबर).

*दात* सापडले तर तेच सर्वांत भरवशाचे. केशरी-पिवळे, वाकडे, छिन्नीसारखे पटाशीचे दात म्हणजे उंदीर किंवा घूस.

*बिया* गावातली बाई पाहताक्षणी ओळखते. माझ्या वहीतल्या निम्म्या बिया शेजारच्या मावशींनी ओळखल्या आहेत. तरी घरी एक डबी तयार ठेवा: बोर, जांभूळ, करवंद, बहावा, खजुरी, उंबर, मका, भुईमूग. उसाचे धागे चोथ्यासारखे, लांब आणि एकाच दिशेने फाटलेले दिसतात.

*कीटक.* इथे एक सापळा आहे. शेणकिडे आणि अळ्या विष्ठेत नंतरही शिरतात. अख्खा, सगळ्या पायांसह भुंगा सापडला तर तो पाहुणा समजा. चावून तुटलेले पंख, नाकतोड्याचा सुटा मागचा पाय, वाळवीची नुसती डोकी हे खाल्लेलं.

*केस.* प्रत्येक नमुन्यातून न निवडता वीस केस घ्या. लांब, काळे, सुंदर दिसणारेच उचलायचा मोह होतो. डोळे मिटून चिमटा घाला. केस स्वच्छ करून काचपट्टीवर ठेवा आणि कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली त्याचा गाभा पाहा. उंदराच्या केसात शिडीच्या पायऱ्यांसारखी एक ओळ, सशाच्या केसात अशा अनेक ओळी शेजारी शेजारी, हरणवर्गाच्या केसात गाभा जवळपास सगळी रुंदी व्यापणारा, जाळीदार. मेंढीच्या लोकरीत गाभा फारसा दिसतच नाही. बाहेरच्या सालीवरचे खवले पाहायचे तर काचपट्टीवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या, अर्धवट वाळला की केस दाबा, पूर्ण वाळला की उचला. ठसा उमटतो.

तुलनेसाठी नमुने लागतात. शेळी, मेंढी, म्हैस, गाय, डुक्कर, कुत्रा, मांजर यांचे केस आणि कोंबडीची पिसं गावातच मिळतात, त्यापासून सुरू करा. रस्त्यावर मेलेला ससा किंवा मुंगूस दिसलं म्हणून केस उपटून आणू नका. वन्यप्राण्याचा कुठलाही अवशेष परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. ते वनखात्यामार्फतच मागा.

आणि ही चूक तर जवळजवळ प्रत्येक वहीत असते: कोल्ह्याचा स्वतःचा केस भक्ष्य म्हणून मोजणं. अंग चाटताना त्याचे केस पोटात जातात. वीसपैकी एक-दोन केस कोल्ह्याचे निघाले तर ते बाजूला ठेवा, "कोल्हा कोल्ह्याला खातो" असं लिहू नका.

टप्पा ८: मोजणी

दोन आकडे काढायचे असतात आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. कल्पित उदाहरण घेऊ. ५० विष्ठांपैकी उंदीरवर्ग ३० मध्ये, कीटक २५ मध्ये, बोर-करवंद २० मध्ये, पक्षी १० मध्ये, ऊस-मका १० मध्ये, शेळी ५ मध्ये. सगळ्यांची बेरीज १००.

- किती विष्ठांत सापडलं: उंदीर ५० पैकी ३०, म्हणजे ६० टक्के. शेळी ५० पैकी ५, म्हणजे १० टक्के.
- एकूण नोंदींत वाटा: उंदीर १०० पैकी ३०, म्हणजे ३० टक्के. शेळी ५ टक्के.

दोन्ही लिहा, दोन्हींची नावं लिहा. पण यांपैकी कुठलाही आकडा "पोटात गेलेल्या अन्नाचा वाटा" नव्हे. उंदीर लहान, त्याच्या मांसाच्या मानाने केस-हाडं जास्त, म्हणून विष्ठेत तो फुगून दिसतो. खाटिकखान्याचं निव्वळ मांस, अंडी, शिळी भाकरी जवळजवळ काहीच मागे ठेवत नाहीत, म्हणून ती दिसतच नाहीत. एका विष्ठेत चाळीस बोरांच्या बिया असल्या तरी नोंद एकच.

पन्नास विष्ठा म्हणजे पन्नास कोल्हे नव्हेत. एका वाटेवर बहुधा एकच जोडी आणि तिची मोठी झालेली पिल्लं असतात. निष्कर्षात "या वाटेवरच्या कोल्ह्यांचा आहार" असंच म्हणा, "बेळगाव जिल्ह्यातल्या कोल्ह्यांचा" नको.

नमुने पुरेसे झाले का, हे पाहायला सोपी रीत: आलेखावर आडव्या रेषेवर विष्ठांचा क्रम, उभ्या रेषेवर आतापर्यंत सापडलेले एकूण पदार्थ. रेघ चढतेय तोवर थांबू नका. दहा-पंधरा नमुने तपासूनही नवं काही येत नाही आणि रेघ आडवी झाली, की त्या ऋतूचं काम झालं.

टप्पा ९: निष्कर्ष लिहिण्याआधी

जांबोटी रस्त्याच्या अलीकडच्या एका माळावर आम्हाला लोकरीने भरलेली विष्ठा मिळाली. वाटेवरच एका धनगर तात्यांची मेंढरं बसली होती. विष्ठा पाहताच ते म्हणाले, "बघा की, माझं कोकरू ह्यानंच खाल्लंय. मी सांगतोय ते खोटं हाय काय?" मी "असेल तात्या" म्हटलं आणि पुडी बांधली.

आठवड्याने ती धुतली. लोकर निघाली, मक्याची टरफलं निघाली, भुंग्याचे दोन पंख निघाले, आणि लोकरीत गुरफटलेला बोटभर काळा दोरा, त्याला गाठ मारलेली. दोरा घेऊन परत तात्यांकडे गेलो. त्यांनी तो तळहातावर घेतला, बराच वेळ पाहिला. मग बायकोला हाक मारली. तिने गाठ ओळखली. नजर लागू नये म्हणून तिनेच तो कोकराच्या गळ्यात बांधला होता. ते कोकरू हगवणीने मेलं होतं, आणि पोराने ते ओढ्यात टाकून दिलं होतं. तात्या म्हणाले, "मेलेलं खाल्लंय नव्हं मग. जित्तं न्हाई."

एका दोऱ्याने उत्तर दिलं, पण बाकीच्या वेळी दोरा नसतो. म्हणून नियम असा: विष्ठा सांगते ते खाल्ल्याचं. मारल्याचं विष्ठा सांगत नाही. कोल्हा कोंबड्या नेतो, लहान करडं-कोकरंही मारतो, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण शेळीचा केस सापडला की पुढचे चार प्रश्न विचारल्याशिवाय "शिकार" हा शब्द लिहायचा नाही:

१. त्या पंधरवड्याच्या पाटीत मेलेलं जनावर टाकल्याची नोंद आहे का?
२. आसपास कुणाचं जनावर हरवलंय का, आणि ते जखमी झालेलं किंवा ओढत नेलेलं कुणी पाहिलंय का?
३. गावात मोकाट कुत्र्यांचा कळप आहे का?
४. विष्ठा अ श्रेणीची आहे का?

चारही उत्तरं वहीत लिहा. उत्तर मिळालं नाही तर रकान्यात "शेळी, मृत की जिवंत ते अनिश्चित" असं लिहा. तक्त्यात ही ओळ छापली तरी चालते, वाचणाऱ्याला ती समजते.

रताळ्याच्या आणि भुईमुगाच्या नुकसानीबद्दलही घाई नको. वाफा नांगरल्यासारखा उकरलेला असेल तर तो डुकराचा. कोल्हा एखाद-दुसरी जागा पायाने उकरतो, मक्याचं कणीस खाली ओढून दाणे खातो, उसाचा बुंधा चघळतो. शेतमालक सांगेल ते वहीत त्याच्या शब्दांत घ्या, आपलं निरीक्षण वेगळ्या रकान्यात.

टप्पा १०: जपून ठेवणं आणि परत देणं

धुतलेले, ओळखलेले घटक कागदी पाकिटांत, पत्र्याच्या पट्टीसह, कोरड्या डब्यात डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवा. काचपट्ट्यांवर क्रमांक हिऱ्याच्या पेनाने किंवा टोकदार खिळ्याने कोरा. वहीचे फोटो काढून दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर ठेवा.

अहवालाची एक प्रत वनखात्याच्या रेंज ऑफिसात द्या, परवानगीच्या अटीत ती बहुधा असतेच. दुसरी प्रत ज्यांच्या बांधावरून चाललात त्यांना, आणि तीही वाचून दाखवून. तक्ते नकोत, त्यांच्या शेतातून काय निघालं तेवढं सांगा: किती विष्ठांत उंदीर-घूस, किती विष्ठांत त्यांची कोंबडी, किती विष्ठांत ऊस. प्लास्टिक किती निघालं तेही सांगा. पोल्ट्रीवाल्या काकांनी मेलेल्या कोंबड्या पुरायला सुरुवात केली असेल तर पुढच्या पंधरवड्याच्या पाटीवर तारीख टाका आणि तीच वाट पुन्हा चाला.